मदत हवी आहे: स्टेंटरवर एमपीसी, एक्झॉस्ट आणि व्हॉल्व्हची जुंपली आहे

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या प्रोसेस हाउसमध्ये ऑटोमेशनचं काम करतोय. स्टेंटरमधून (कापड चेनवर ताणून गरम हवेने सुकवणारं मशीन) बाहेर पडणाऱ्या टेरी टॉवेलमध्ये ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा हवा (कॉटनचा स्टँडर्ड रिगेन, म्हणजे सुकं कापड हवेतून आपोआप धरतं तो ओलावा, ८.५ टक्के, फार खाली सुकवलं तर इंधन फुकट), शिवाय चेंबरचं तापमान सेट पॉइंटला. सांभाळायच्या गोष्टी दोन आणि हातात तीन: थर्मिक फ्लुइडचा (चेंबर तापवणाऱ्या गरम तेलाचा) व्हॉल्व्ह, चेनचा स्पीड, एक्झॉस्टची व्हीएफडी (हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याचा वेग बदलणारी ड्राइव्ह).

हे तिन्ही एमपीसी (मॉडेलवरून पुढचा अंदाज घेऊन इनपुट ठरवणारं कंट्रोल) चालवतं. ते जी कॉस्ट कमीत कमी करतं, तिच्यात आउटपुटची चूक आणि इनपुटमधला बदल, एवढंच घेतलंय. ट्रेंडवर ओलावा, तापमान दोन्ही सरळ रेषेत. पण शिफ्ट सरत जाते तसा एक्झॉस्ट हळूहळू वर सरकतो, तापमान पडू नये म्हणून मागोमाग व्हॉल्व्ह उघडतो, आणि गरम हवा थेट बाहेर. मे महिन्यात सोलापूरला आणखी तापवायची गरज आहे का? क्यूपी सॉल्व्हर (एमपीसीतलं हे गणित सोडवणारा प्रोग्राम) कुरकुर करत नाही, एक्झॉस्ट कमी असो की जास्त, त्याच्या हिशेबी दोन्ही उत्तरं सारखीच.

मग तिन्ही इनपुटना टार्गेट देऊन थोडं वेटेज लावलं. सरकणं थांबलं, पण ओलाव्यात कायमचा ऑफसेट (सेट पॉइंटपासून फरक) बसला. वेटेज घटवलं की पुन्हा भटकंती.

सुपरवायझर म्हणतात, एक्झॉस्ट फिक्स करून टाका. पण जाड जीएसएमचा (दर चौरस मीटरला जास्त ग्रॅम वजनाचा) माल लागला की ओली हवा आतच कोंडते. ऑपरेटर मामा स्क्रीनकडे बघून तेलुगूत काहीतरी पुटपुटतात, ते मला कळत नाही तेच बरं.

एमपीसीऐवजी साधा पीआय कंट्रोलर लावून पुढे अलोकेशन (त्याची मागणी तिन्ही इनपुटमध्ये वाटून देणं) करावं का? की एमपीसीतच सुटेल?

प्रतिसाद १:
अलोकेशनच्या नादी लागू नका. साधं अलोकेशन व्हॉल्व्ह सुस्त आणि चेन चपळ हे बघत नाही, एमपीसी बघतं. तुमच्याकडे जास्तीचा इनपुट एकच आहे, म्हणून टार्गेटही एकालाच द्या. एक्झॉस्टला द्या, बाकी दोघांना मोकळं सोडा. दोन आउटपुट, एक टार्गेट, तीन इनपुट: हिशेब जुळतो, ऑफसेटला जागाच उरत नाही. तिघांना टार्गेट दिलं म्हणून ते आउटपुटशी भांडत होतं.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा! पण जाड मालावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडून लिमिटला टेकला तर?

प्रतिसाद १:
तेव्हा जास्तीचा इनपुट संपला, एक्झॉस्टला टार्गेट सोडावं लागणार. म्हणून दोन टप्पे करा. आधी डिस्टर्बन्सचा (बाहेरून येणाऱ्या फरकांचा) अंदाज घेऊन स्थिर अवस्थेचं गणित: ओलावा आणि तापमान पक्कं, त्यातल्या त्यात एक्झॉस्ट कमीत कमी. तिथून आलेले आकडे एमपीसीला टार्गेट म्हणून द्या, तेव्हा मात्र तिघांना दिले तरी चालतील, कारण ते आधीच जुळवलेले असतात. हे दर सायकलला नव्याने काढायचं. आणि एक्झॉस्टची खालची लिमिट जीएसएमप्रमाणे बदलती ठेवा, ती मामांना विचारून ठरवा. चेंबरमध्ये ह्युमिडिटी सेन्सर आहे का तुमच्याकडे?

धागाकर्ता:
नाही. कोटेशन मागवतो.