खरी पत्रे जंक फोल्डरमध्ये का जातात आणि ती कशी परत मिळवावीत?

प्रश्न (गुहागर, निवास-न्याहारी व्यवसाय)

नमस्कार. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत आमच्याकडे मुक्कामाची बरीच चौकशी ईमेलवर होते. परवा पुण्याच्या एका कुटुंबाने उत्तर का आले नाही असे फोनवर विचारले, तेव्हा त्यांचे पत्र जंक फोल्डरमध्ये सापडले. लॉटरीची आणि खाते बंद करण्याची धमकी देणारी पत्रेही तिथेच होती. खरे पत्र तिथे का जाते, आणि ते बाहेर काढताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर (रत्नागिरी, संगणक प्रशिक्षक)

स्पॅम, म्हणजे नको असलेली पत्रे, जंक फोल्डरमध्ये टाकणारी गाळणी केवळ मजकूर वाचत नाही. पत्र खरोखर त्या पत्त्यावरूनच निघाले आहे का, त्या सर्व्हरचा पूर्वेतिहास काय आहे आणि इतरांनी अशा पत्रांविरुद्ध तक्रार केली आहे का, हेही ती पाहते. अनोळखी पाहुण्याचे पहिलेच पत्र, त्यात दोन ओळी आणि एखादी लिंक, एवढ्यानेही संशय येऊ शकतो.

पत्र खरे असल्यास 'स्पॅम नाही' हे बटण दाबावे, म्हणजे तो निर्णय गाळणीपर्यंत पोहोचतो. नेहमीच्या ग्राहकांचे पत्ते संपर्कयादीत ठेवावेत, आणि जीमेलमध्ये फिल्टर करून त्यांची पत्रे कधीही स्पॅममध्ये पाठवू नयेत अशी सूचना द्यावी. जीमेल स्पॅममधील पत्रे 30 दिवसांनी कायमची पुसते आणि नेहमीच्या शोधात ती दाखवत नाही, म्हणून हंगामात हा फोल्डर रोज उघडावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

उत्तर (मालवण)

वरील सल्ल्याला एक जोड देतो. बाहेर काढण्यापूर्वी प्रेषकाचे नाव नव्हे, तर पूर्ण पत्ता वाचावा, कारण नाव कोणीही काहीही लिहू शकतो. पत्र बँकेचे वाटत असल्यास त्यातील लिंकवर जाऊ नये; रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये भारतीय बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हे संकेतस्थळनाम घ्यायला लावले आहे, तेव्हा पत्ता स्वतः टंकित करून खात्री करावी. खऱ्या स्पॅममधील 'सदस्यत्व रद्द करा' ही लिंकही दाबू नये, कारण त्यामुळे आपला पत्ता चालू असल्याचे त्यांना कळते. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदतक्रमांकावर कळवावे.

उत्तर (देवगड, आंबा बागायतदार)

उलट बाजूही पाहावी, कारण आपली उत्तरे पाहुण्यांच्या जंकमध्ये जात असतील, तर इकडची सारी दक्षता अपुरी ठरेल. पेटीचे दर आम्ही जुन्या ग्राहकांना स्वतःच्या डोमेनवरून, म्हणजे स्वतःच्या संकेतस्थळनामाच्या ईमेल पत्त्यावरून, कळवतो. त्यासाठी एसपीएफ (आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पत्रे पाठवू शकतात याची यादी) आणि डीकेआयएम (पत्रावरील डिजिटल सही तपासण्याची सोय) या नोंदी करून घेतल्या. गूगलने फेब्रुवारी 2024 पासून सर्वच प्रेषकांना यांपैकी किमान एक नोंद आवश्यक केली असून, दिवसाला 5,000 पेक्षा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना दोन्हींसह डीमार्कही (या तपासणीत नापास झालेल्या पत्रांचे काय करावे हे सांगणारी नोंद) लागतो. ज्याने दर मागितले नाहीत, त्याला ते पाठवूच नयेत. त्याने स्पॅम म्हणून केलेली तक्रार आपल्या डोमेनच्या नावावर जमा होते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. कार्यालयातील संगणकावर टपाल पीओपी पद्धतीने उतरते. तिथे जंक फोल्डर दिसेल का?

उत्तर (रत्नागिरी)

नाही, पीओपी केवळ इनबॉक्स उतरवते. सर्व्हरवरील सगळे फोल्डर दाखवणारी आयमॅप पद्धत सुरू करावी, किंवा ब्राउझरमध्ये लॉगिन करून तो फोल्डर पाहावा.