डेस्कटॉपला वायफाय: डोंगल की कार्ड?

उद्यमनगरकर

दुकानात "डेस्कटॉपला वायफाय पाहिजे" म्हटलं की काउंटरवर आधी यूएसबी पोर्टात लावायचा नखाएवढा डोंगल येतो. माझं मत: तो परत सरकवा आणि पीसीआय एक्स्प्रेस (पीसीआयई) कार्ड, म्हणजे कॅबिनेट उघडून मदरबोर्डाच्या स्लॉटात बसवायचं वायफाय कार्ड, मागा.

असले बरेचसे बारके डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्या जुन्या, गर्दीच्या पट्ट्यात चालतात. खोक्यावर १५० एमबीपीएस छापलेलं असतं, हातात त्याच्या निम्मंही पडत नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत घराला घर लागून. २.४ मध्ये एकमेकांत न घुसणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. सगळी गल्ली त्याच तिघांवर बसलेली.

इंटेल एएक्स२०० किंवा एएक्स२१० बसवलेलं कार्ड घेतलं तर ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये १२०१ एमबीपीएसची लिंक (कार्ड आणि राउटरमधला कागदी वेग) मिळू शकते, राउटर १६० देत असेल तर २४०२. बोर्ड जुना आहे ही सबब चालत नाही. पीसीआयई २.० चा एक्स१, म्हणजे सगळ्यात छोटा, स्लॉटसुद्धा ४ गिगाबिट देतो.

बसवणं पाच मिनिटांचं काम. मेन बटण बंद करून वायर काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून उरलेला करंट जाऊ द्या, मागची पट्टी काढा, कार्ड बसवा, स्क्रू मारा. मग अँटेना पिळा. त्या शोभेच्या नाहीत, त्यांच्याशिवाय सिग्नल शेजारच्या खोलीतूनही येत नाही. आणि कार्डाबरोबर आलेली बारीक वायर बोर्डावरच्या ९ पिनांच्या यूएसबी हेडरला लावायला विसरू नका. वायफाय स्लॉटमधून चालतं, ब्लूटूथ त्या वायरीवर. "ब्लूटूथ दिसत नाही" या तक्रारीत पहिल्यांदा हीच वायर बघायची.

गल्लीबोळ

स्लॉटचं गणित बरोबर आहे, पण अँटेनाचं काय? त्या येतात कॅबिनेटच्या मागे. कॅबिनेट टेबलाखाली, पाठ भिंतीला. एका अंगाला पत्र्याचा डबा, दुसऱ्या अंगाला पेठेतली दीड फुटी भिंत. २४०२ ची लिंक तिथं कागदावरच राहते.

दोन बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा, एसी१३०० डोंगल घ्या, एक-दीड मीटरची यूएसबी ३ एक्स्टेन्शन लावा आणि डोंगल मॉनिटरच्या वरच्या कडेला चिकटवा. अँटेना जमिनीपासून चार फूट वर येते, राउटरकडे तोंड करून. प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर ४३३ ची लिंकही पुरून उरते, कारण लिंकच्या साधारण निम्मा वेग प्रत्यक्षात मिळतो. उरलेले पैसे राउटर नीट जागी हलवायला खर्च करा.

आणि दोन स्लॉट खाणारं ग्राफिक्स कार्ड असेल तर बारक्या बोर्डावरचा एक्स१ स्लॉट बहुधा त्याच्याखालीच गाडला जातो. तिथं कार्ड बसवायचं कुठं?

उद्यमनगरकर

@गल्लीबोळ, त्यावर इलाज आहे. चुंबकी बुडाची अँटेना मिळते, मीटरभर वायरीची. कॅबिनेटवर किंवा कपाटावर ठेवा. कनेक्टर मात्र आरपी-एसएमए बघून घ्या. नुसत्या एसएमएचे आटे बसतात, पण मध्ये पिनेला पिन लागते आणि पिन वाकते.

डोंगल यूएसबी ३ मध्ये लावायचा सल्ला देताना अर्धीच गोष्ट सांगितलीत. यूएसबी ३ च्या वायरीतून आणि पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर लिहून ठेवलंय. शेजारच्या पोर्टात बाहेरची हार्डडिस्क चालू झाली की डोंगल मान टाकतो आणि बिनतारी माऊस अडखळतो.

गल्लीबोळ

म्हणूनच एक्स्टेन्शन म्हणतोय की, भावा! पोर्टापासून लांब गेला की निम्मा त्रास तिथंच संपतो. ५ गिगाहर्ट्झवर जोडलात तर तो गोंगाट लागतच नाही. उलट २.४ वरच राहायचं असेल तर डोंगल यूएसबी २ च्या काळ्या पोर्टात घाला. ४८० एमबीपीएसचा पोर्ट आहे, १०० च्या प्लॅनला ढीग झाला.

रंकाळा_पेंग्विन

तुम्ही दोघं आकारावर भांडताय. खरी निवड चिपची असते, आणि खोक्यावर ती छापलेलीच नसते.

एकाच नावाच्या डोंगलमध्ये आवृत्तीगणिक चिप बदलते. टीपी-लिंकचा आर्चर टी४यू घ्या: पहिल्या आवृत्तीत रिअलटेकची आरटीएल८८१२एयू, तिसरीत ८८१२बीयू. बाहेरून भाऊ-भाऊ, ड्रायव्हर वेगळे. लिनक्सवर मीडियाटेकची एमटी७६१२यू किंवा एमटी७९२१एयू घ्या, ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे. रिअलटेकच्या कित्येक यूएसबी चिपना वर्षानुवर्षं बाहेरून ड्रायव्हर बांधून घ्यावा लागायचा आणि कर्नल अपडेट झाला की तो मोडायचा. इंटेलच्या कार्डांना हा ताप नाही, तिथं मी उद्यमनगरकरांच्या बाजूनं.

पण त्यांनी एक खड्डा सांगितला नाही. ऑनलाइन स्वस्तात एएक्स२०१ किंवा एएक्स२११ दिसलं की लोक उचलतात. दिसायला हुबेहूब, पण त्या चिपचं अर्धं काम इंटेलच्या चिपसेटमध्ये होतं. पीसीआयई अडॅप्टरवर किंवा एएमडीच्या बोर्डावर ती चालत नाहीत. शेवटचा आकडा १ असेल तर हात लावू नका.

विंडोज ७ वर अडकलेल्या मशीनला तर एएक्स२०० सुद्धा उपयोगाचं नाही, ड्रायव्हरच नाही. तिथं डोंगल.

शाहूपुरी_स्मिता

ड्रायव्हरसाठी इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर, यावर कुणी बोललंच नाही. सोबतची सीडी घालायला आता ड्राइव्ह कुठाय? फोन चार्जिंगच्या वायरीनं डेस्कटॉपला जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोजला ते लॅन कार्ड वाटतं. ड्रायव्हर उतरवून घ्या, वायर काढा. वायर डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची चालत नाही.

काही डोंगल लावल्यावर सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. तो बिघाड नव्हे, ड्रायव्हर त्यातच भरलेला असतो. तो टाकला की डोंगल आपलं खरं रूप दाखवतो.

आणि जोडणी सारखी तुटत असेल तर लगेच डोंगलला शिव्या नकोत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला डिव्हाइस बंद करण्याची खूण असते, ती काढा. नेटवर्कचं नाव दिसतं पण जोडलं जात नाही, तेव्हा राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ (वायफाय सुरक्षेची नवी पद्धत) लावलंय का बघा. जुन्या डोंगलला ते कळत नाही, डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा. नावच दिसत नसेल तर राउटर चॅनेल १२ किंवा १३ वर गेलाय का बघा. अमेरिकी सेटिंगचे डोंगल तिकडं बघतच नाहीत.

तारवाला

एवढं रामायण कशाला? राउटर त्याच मजल्यावर असेल तर कॅट६ लॅन वायर ओढा. पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) सरळ रेषेत, ड्रायव्हरची भानगड नाही. वायर शुद्ध तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली स्वस्त वायर दोनदा वाकवली की आत तुटते. गिगाबिटला आठही तारा लागतात. एक जरी सुटली तर लिंक बहुधा १०० वर येऊन बसते आणि लोक प्लॅनवाल्याशी भांडतात.

उद्यमनगरकर

घरात तार, मान्य. पण आमच्याकडं ऑफिस एका इमारतीत, शेड दुसरीत. गच्चीवरून कॅट६ टाकलेली दिसते जागोजाग. वळवाचा पाऊस आला, जवळपास वीज कडाडली, की दोन्ही टोकांचे लॅन पोर्ट जायचा धोका, कधी अख्खा बोर्ड.

तारवाला

दोन इमारतींत तांबं नकोच, तिथं फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर लॅनला जोडणारे डबे). फायबरमधली काच वीज नेत नाही. पण त्या केबलला आधाराची पोलादी तार असते, ती बाहेरच कापा, मशीनपर्यंत आणू नका. वायफायनं पत्र्याची शेड भेदायचं मात्र विसरा. ना कार्डानं होणार, ना डोंगलनं.

गल्लीबोळ

शेडमध्ये "वेल्डिंग चालू झालं की वायफाय जातं" हेही ऐकू येतं. बहुतेक वेळा वायफायचा दोष नसतो. टाका मारला की त्याच फेजवर व्होल्टेज पडतं आणि राउटर रिस्टार्ट होतो. राउटरचे दिवे बघा, सगळे विझून पुन्हा लागत असतील तर १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. नवीन वायफाय अडॅप्टर घेऊन काही फरक पडणार नाही.

शाहूपुरी_स्मिता

घेतल्यावर बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत तपासून घ्या. सेटिंग्जमध्ये वायफायच्या हार्डवेअर प्रॉपर्टीज उघडा, बँड, चॅनेल आणि लिंक स्पीड तिथंच दिसतं. मग कमांड प्रॉम्प्टमधून इंटरनेटला नव्हे, राउटरच्या पत्त्याला, बहुधा १९२.१६८.१.१, शंभर पिंग सोडा. त्याच खोलीत ५ मिलिसेकंदांच्या आत उत्तर यायला हवं, एकही पॅकेट हरवता कामा नये. तिथं मधूनच दोनशे-तीनशे दिसले तर अँटेनाची जागा बदलून पुन्हा सोडा. तरीही तेच आलं तर पावती घ्या आणि दुकान गाठा.

रंकाळा_पेंग्विन

आणि दुकानात खोकं नव्हे, चिपचं नाव सांगून बदलून मागा.