६४ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा आहे तरी ११ जीबीची फाइल जात नाहीये

मंडळी जरा मदत करा. लिनक्सच्या लॅपटॉपवर ११ जीबीचं एक रेकॉर्डिंग आहे ते विंडोजवर न्यायचंय, नंतर मैत्रिणीच्या मॅकवर पण. पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा, पण कॉपी ४ जीबीला येऊन थांबते आणि फाइल फार मोठी आहे असा एरर. दोनदा फॉरमॅट केला, तेच. खराब झालाय का?

प्रतिसाद १
पेनड्राइव्ह ठणठणीत आहे, नवीन घेऊ नका. तो फॅट३२ (ड्राइव्हवर फाइल मांडून ठेवायची एक पद्धत) मध्ये आहे आणि त्यात फाइलचा साइज लिहायला ३२ बिटच असतात, त्यामुळे एक फाइल ४ जीबीपर्यंतच जाते, ड्राइव्ह केवढाही असो. फॉरमॅट करताना परत फॅट३२च राहिलं असणार. एक्सफॅट ही दुसरी पद्धत निवडा, त्यात मोठी फाइल जाते, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वाचता-लिहिता येतं, लिनक्समध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.४ पासून म्हणजे २०१९ पासून ड्रायव्हर आतच आहे.

प्रतिसाद २
एनटीएफएस, म्हणजे विंडोजची नेहमीची पद्धत, केलं तर नाही का चालणार?

प्रतिसाद १
मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो, लिहू देत नाही. मैत्रिणीला काही परत द्यायचं असेल तर अडेल.

प्रतिसाद ३
एक्सफॅटच करा, पण कॉपीची पट्टी १००% झाली म्हणून लगेच ड्राइव्ह उपटू नका प्लीज. लिनक्स आधी रॅममध्ये घेतं आणि मग सावकाश पेनड्राइव्हवर लिहीत बसतं. मी एकदा घाई केली, साइज बरोबर दिसत होता आणि शेवटची वीस मिनिटं चालेचनात, मूळ फाइल तोवर डिलीट केलेली. फार वाईट वाटलं होतं. टर्मिनलमध्ये सिंक (sync, राहिलेलं सगळं ड्राइव्हवर लिहून टाकणारी कमांड) टाइप करा, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत हात लावू नका, मग इजेक्ट. आणि मूळ फाइल उडवायच्या आधी दोन्हीकडे एसएचए२५६ (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून बघा, लिनक्सवर एसएचए२५६सम (sha256sum) कमांड, विंडोजवर सर्टयुटिल (certutil), ६४ अक्षरं तंतोतंत जुळली की मगच.

मूळ प्रश्नकर्ता
झालं! पट्टी भरल्यावरही सिंकला चार मिनिटं लागली, मी तर तेव्हाच काढला असता. ६४ अक्षरं जुळली. सोबतची नोट्सची फाइल मात्र जाईना, नावात १८:३० अशी वेळ होती, कोलन काढून १८-३० केलं तेव्हा गेली. मॅकवर उद्या बघते.