ग्रामपंचायतीला आरओ (निवडणूक निर्णय अधिकारी) म्हणून ऑर्डर आलीय, उमेदवारी अर्जांच्या छाननीत नेमकं काय बघायचं?

कृषीवाला
नमस्कार मंडळी. मी कृषी खात्यात आहे. आजवर दोनदा मतदान अधिकारी आणि एकदा केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी केलीय, पण यावेळी थेट निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून ऑर्डर हातात पडलीय आणि तीही दोन गावांची. ट्रेनिंग झालं म्हणायचं, भल्यामोठ्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसून काय ऐकू येणार, पुस्तिका दिलीय ती रोज रात्री वाचतोय. मतदानाच्या दिवसाची एवढी भीती नाही, छाननीची आहे. एका गावात भावकीचे दोन गट आहेत आणि फोन आत्तापासूनच सुरू झालेत, साहेब अमक्याने घरपट्टी भरली नाही, तमक्याला तीन पोरं आहेत. हे सगळं मी कुठे तपासत बसू? वर यादीत नाव नाही म्हणून भांडायलापण लोक माझ्याकडेच येतायत.

रिटायर्ड_मंडळ_अधिकारी
यादीचं ओझं आधी उतरवा डोक्यावरून. प्रभाग रचना, आरक्षण सोडत, मतदार यादी हे सगळं तुमची ऑर्डर निघायच्या आधी तहसीलमधून होऊन गेलेलं असतं. आणि राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी करतच नाही, विधानसभेचीच यादी घेऊन प्रभागवार फोडतात, त्यामुळे विधानसभेच्या यादीत नसलेलं नाव इथे घालता येत नाही. जो येईल त्याला हे शांतपणे सांगायचं आणि वाटेला लावायचं.

आता छाननी. तुम्ही पोलीस नाही, तपासाला गावभर फिरायचं नाही. हरकत घेणाऱ्याने लेखी द्यायची, पुरावा त्याने आणायचा, समोरच्याला बोलू द्यायचं आणि मग तुम्ही निर्णय द्यायचा, बस. घरपट्टीचंच घ्या. नुसती थकबाकी आहे म्हणून अर्ज उडत नाही, मागणीचं बिल रीतसर बजावलेलं पाहिजे आणि त्यानंतर तीन महिन्यांत भरलेलं नसलं पाहिजे. म्हणजे ग्रामसेवकाला 'बाकी आहे का' असं विचारून भागत नाही, 'बिल कधी बजावलं, पोच दाखवा' असं विचारायचं. माझ्या वेळी निम्म्या हरकती या एका प्रश्नावर गळायच्या. तिसऱ्या पोराचं तसंच, १२ सप्टेंबर २००१ नंतरचा जन्म आहे का ते बघा, कागद जन्माच्या नोंदीचा मागा, गावची कुजबुज चालत नाही. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेला उमेदवार असेल तर सातवी पास, हे तरुण पोरांच्या अर्जात हमखास राहतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्ज मंजूर करा की नामंजूर, कारण सविस्तर लिहा. तिथल्या तिथे त्यावर अपील नाही, निकालानंतर १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात निवडणूक याचिका टाकता येते, तेव्हा न्यायाधीश तुमचाच कागद वाचणार. 'हरकत फेटाळली' एवढ्या दोन शब्दांवर उभं राहणं फार जड जातं हो.

तहसीलचा_बाबू
वरच्या काकांना पूर्ण अनुमोदन. माझ्याकडून एक, मतपत्रिकेचा प्रूफ स्वतः वाचा, क्लार्कवर सोडू नका. नाव, चिन्ह, क्रम, जागेचा रंग. सरपंच फिकी निळी, सर्वसाधारण पांढरी, बाकी राखीव जागांचे वेगळे रंग. तीन जागांचा प्रभाग असेल तर सरपंच धरून मतदाराला चार बटणं दाबायची असतात, ते नीट समजावलं नाही तर म्हातारी माणसं एकच दाबून बाहेर येतात आणि मशीन मत पूर्ण झाल्याची बीप देत नाही, मग केंद्रावर गोंधळ. आणि हरलेल्या उमेदवारांना खर्चाचा हिशोब ३० दिवसांत द्यायची आठवण करा, जिंकलेला देतोच, हरलेला विसरतो आणि पुढच्या वेळी अपात्र होऊन आपल्यालाच शिव्या घालतो.

गावठी_पत्रकार
हे सगळं कागदावर ठीक ओ, पण खरं राजकारण अर्ज भरायच्या आधीच मंदिरात होतं. बोली लावून बिनविरोध करतात, तिथे तुमचा आरओ काय करणार?

रिटायर्ड_मंडळ_अधिकारी
@गावठी_पत्रकार करतो की, कळवतो. उमराणे आठवतंय का, देवळा तालुका, नाशिक? आणि नंदुरबारचं खोंडामळी? जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्दच केली, जिल्हा प्रशासनाचे अहवाल आणि व्हिडिओ बघून. खालून काही वर गेलंच नसतं तर आयोगाला मुंबईत बसून स्वप्न पडणार होतं का?

कृषीवाले, अजून एक राहिलं. छाननीच्या दिवशी गावातला चहा घेऊ नका, कुणाचाच. थर्मास घरून न्या. हसू नका, एकाच्या ओसरीवर चहा घेतला म्हणून माझ्या एका सहकाऱ्याविरुद्ध तक्रार गेली होती.

कृषीवाला
खूप खूप आभार सगळ्यांचे, बिल बजावणीचं तर मला माहीतच नव्हतं. थर्मास काढून ठेवतो. फक्त एक गोष्ट आधी सांगितली नाही. दुसरं गाव माझ्या मेव्हण्याची सासुरवाडी आहे आणि त्याचा साडू सरपंचपदाला उभा राहतोय असं ऐकतोय. मी काही कुणाची बाजू घेणार नाही, पण तहसीलदार साहेबांना सांगायलाच हवं का?

रिटायर्ड_मंडळ_अधिकारी
आजच. आणि तोंडी नाही, अर्ज लिहून, पोच घेऊन.