ड्राफ्ट झाला, करार झाला, तरी पोरगा बर्फावर का दिसत नाही? (एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वोच्च लीग, तिथल्या करिअरबद्दल प्रश्न)

रिंकाबाहेरचा

बातमी येते की अमुक मुलगा ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत निवडला, तीन वर्षांचा करार, वर्षाला साडेनऊ लाख डॉलर. पुढचे दोन हंगाम त्याचं नाव कुठेच नाही. मध्येच कुठेतरी वाचायला मिळतं की नऊ सामने खेळवून त्याला ज्युनिअरला (किशोरांच्या लीगला) परत धाडलं आणि 'कराराचं वर्ष पुढे सरकलं'.

तीन गोष्टी नीट कळत नाहीत. वर्ष पुढे सरकणं म्हणजे काय, आणि त्यात खेळाडूचं नुकसान की फायदा? एएचएलमध्ये (एनएचएलच्या लगेच खालच्या लीगमध्ये) असताना ते साडेनऊ लाख मिळतात का? आणि विशी-बाविशीत असं काय चुकतं की पहिल्या फेरीतली मुलंही तिथेच अडकतात? गोलरक्षकाचं गणित वेगळं असेल तर तेही सांगा. 'मेहनत घ्यावी लागते' छापाची उत्तरं नकोत, नियम आणि आकडे हवेत.

आकडेमोडे

आधी एक गैरसमज काढून टाकू. ड्राफ्ट म्हणजे नोकरी नव्हे. सात फेऱ्या, ३२ संघ, २२४ नावं, आणि संघाला मिळतो तो फक्त त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क. पगार सुरू होतो तो सहीनंतर. वयाची अट १५ सप्टेंबरला मोजतात: त्या तारखेपर्यंत १८ पूर्ण हवीत. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला. ते वर्ष तो ज्युनिअरमध्ये न घालवता झुरिकच्या संघातून मोठ्या माणसांत खेळला आणि २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

आता तुमचं 'सरकणं'. सही करताना खेळाडू १८-१९ वर्षांचा असेल आणि त्या हंगामात तो एनएचएलचे १० सामने खेळला नाही (प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने, धरून), तर कराराचं ते वर्ष खर्ची पडत नाही, अख्खा करार एक वर्ष पुढे जातो. म्हणून ती नऊ सामन्यांची चाचणी. दहाव्या सामन्याला उतरवलं की वर्ष जळालं. संघाचा फायदा उघड आहे: स्वस्तातली तीन वर्षं पोरगा पिकल्यावर वापरायला मिळतात. खेळाडूचा तोटा असा की खरा पैसा ज्या दुसऱ्या करारात असतो तो एक वर्ष लांबतो. सहीचा बोनस मात्र वर्ष सरकलं तरी ठरल्याप्रमाणे मिळतो.

दहानंतरचा आकडा ४०. हंगामात ४० सामने संघाच्या चालू यादीत नाव असलं (गोलरक्षकाला ३०) की ते वर्ष मुक्त होण्याच्या हिशेबात धरतात. प्रत्यक्ष खेळलंच पाहिजे असं नाही, यादीत असणं पुरे. अशी सात वर्षं भरली किंवा वयाची २७ झाली की करार संपल्यावर खेळाडू पूर्ण मोकळा. म्हणजे अठराव्या वर्षीच टिकलेला पोरगा पंचविशीत बाजारात येऊ शकतो. ३८-३९ सामन्यांवर कुणाला खाली पाठवलं तर कारण दर वेळी खेळात शोधू नका.

पैशाचं. पहिला करार 'दुहेरी' असतो, म्हणजे वरच्या लीगचा पगार वेगळा, एएचएलचा वेगळा, आणि दोन्ही दिवसाच्या हिशेबाने. २०२२ आणि २०२३ च्या ड्राफ्टसाठी वरची मर्यादा ९,५०,००० डॉलर होती, २०२४ आणि २०२५ साठी ९,७५,०००. त्यातला जास्तीत जास्त १० टक्के भाग सहीचा बोनस म्हणून देता येतो. एएचएलचा पगार ८०-८५ हजारांच्या घरात.

मांडून पाहू. एकूण ९,५०,०००, त्यात बोनस ९५,०००, उरला पगार ८,५५,०००. हंगाम सोयीसाठी १९० दिवसांचा धरला तर वर असताना दिवसाला ४,५०० डॉलर. खाली वर्षाचे ८२,५०० धरले तर दिवसाला ४३४. पोरगा ३० दिवस वर आणि १६० दिवस खाली राहिला तर १,३५,००० अधिक सुमारे ६९,५०० अधिक बोनस ९५,०००, म्हणजे तीन लाखाला थोडे कमी. बातमीतल्या आकड्याचा साधारण तिसरा हिस्सा, आणि तोही कर कापायच्या आधी. एजंटचे साधारण ३ ते ५ टक्के जातात. शिवाय एस्क्रो. लीगच्या उत्पन्नात खेळाडूंचा वाटा ५० टक्के ठरलेला आहे. पगार त्याच्यावर गेले तर भरपाई व्हावी म्हणून प्रत्येक चेकमधून काही टक्के आधीच कापून ठेवतात. २०२०-२१ मध्ये ही कपात २० टक्के होती, २०२३-२४ मध्ये ६.

नववासामना

वरच्यात एक भर, कारण नेमकं इथेच सगळे गोंधळतात. 'ज्युनिअरला परत का, एएचएलला का नाही?' याचं कारण एनएचएल आणि कॅनडाच्या ज्युनिअर लीगांमधला समझोता. ओंटारिओ, वेस्टर्न किंवा क्वेबेक लीगमधून निवडलेला मुलगा विशीच्या आत असेल तर त्याला दोनच जागा: एनएचएल किंवा आपला जुना ज्युनिअर संघ. मधली पायरीच नाही. त्यामुळे होतं असं की ज्युनिअरमध्ये ज्याला कुणी अडवू शकत नाही आणि एनएचएलमध्ये जो पुरा पडत नाही, तो वर्षभर तिथेच दीडशे पाउंडांच्या पोरांना हूल देत बसतो आणि वाईट सवयी लावून घेतो. पक (खेळातली रबरी चकती) पायाशी जरा जास्त वेळ ठेवायची सवय ही त्यातली सगळ्यात महागडी. वर तेवढा वेळ कुणी देत नाही.

युरोपातून किंवा अमेरिकी कॉलेजातून आलेल्याला हे बंधन नाही, तो एकोणिसाव्या वर्षीही एएचएल खेळू शकतो. आणि आता तिसरी वाट उघडली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने (अमेरिकी कॉलेज खेळांची संघटना) नियम बदलला, १ ऑगस्ट २०२५ पासून ज्युनिअर लीग खेळलेल्यांना कॉलेज संघात जाता येतं. आधी एक ज्युनिअर सामना खेळला की ते दार कायमचं बंद व्हायचं. एकोणिसाव्या वर्षी अडकलेल्या पोरासाठी माझ्या मते हा अलीकडचा सगळ्यात कामाचा बदल. कॉलेजात सामने कमी, बहुतेक शुक्रवारी-शनिवारी, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस वजन उचलायला मिळतात.

रिंकाबाहेरचा

हे पटलं. मग एकविसाव्या वर्षानंतर संघ एखाद्याला हवं तितक्या वेळा खाली-वर करू शकतो का?

आकडेमोडे

काही काळ हो, आणि तो काळ कधी संपतो यावर बऱ्याच जणांचं नशीब ठरतं. अठराव्या वर्षी सही केलेल्या खेळाडूला वेव्हरमधून (खाली धाडण्याआधी इतर संघांना उचलायची संधी देण्याच्या नियमातून) ५ वर्षं किंवा १६० सामन्यांपर्यंत सूट, जे आधी होईल ते. एकोणिसाव्या वर्षी सही केली तर ४ वर्षं, विसाव्या वर्षी ३. कोवळ्या वयातच एका हंगामात ११ सामने खेळला तर पाचाची तीन होतात.

सूट संपली की खाली पाठवण्याआधी त्याचं नाव २४ तास सगळ्या संघांपुढे ठेवावं लागतं. कुणीही त्याला आहे त्या करारासकट उचलू शकतो, आणि अनेकांनी हात वर केला तर गुणतक्त्यात तळाशी असलेल्याला मान. कुणी उचललं नाही तर तो खाली जातो. पुन्हा वर आणला की ३० दिवस किंवा १० सामने होईपर्यंत परत वेव्हरची भानगड नाही.

म्हणून सप्टेंबरच्या कॅम्पमध्ये (हंगामाआधीच्या सराव शिबिरात) दोन पोरं सारखी खेळली तर सूट असलेलाच खाली जातो, कारण त्याला फुकट पाठवता येतं. उलट सूट संपलेला बाविशी-तेविशीचा पोरगा कधीकधी बरा नसतानाही तेवीस जणांच्या यादीत राहतो, केवळ दुसरा कुणी उचलेल या भीतीने. कॅम्पच्या बातम्या वाचताना वयाच्या शेजारी ही सूट पाहत जा, निम्मी कोडी सुटतील.

पातं_आणि_धार

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी गेलं नाही, तर तो मी घेतो.

पहिल्या फेरीतला पोरगा ज्युनिअरमध्ये पहिल्या ओळीत (एकत्र उतरणाऱ्या आघाडीच्या तिघांचा मुख्य गट) आणि पॉवरप्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेवर असताना) खेळलेला असतो. वर बोलावतात ते मात्र चौथ्या ओळीसाठी: सामन्यात आठ-नऊ मिनिटं, ४०-४५ सेकंदांच्या पाळ्या. तिथे गोलची अपेक्षाच नसते. पाहतात ते हे: आपल्या भागात भिंतीलगत पक मिळाला तर तो निळ्या रेषेबाहेर गेला की नाही, पेनल्टी किलमध्ये (आपला खेळाडू शिक्षेवर असताना) काठी पासच्या वाटेत होती की नाही, पाळी मिनिटावर लांबवली का. भिंतीलगतचा पक ज्याला बाहेर काढता येत नाही त्याला तिसऱ्या सामन्यात बाकावर बसवतात. ज्युनिअरमध्ये पेनल्टी किल मागून घेणारा पोरगा म्हणूनच शहाणा.

दुसरं, धार. स्केटचं पातं साधारण ३ मिलीमीटर जाड, मधोमध खोबण आणि दोन्ही बाजूंना दोन कडा. खोबणीची त्रिज्या अर्धा इंच ही नेहमीची सुरुवात. त्रिज्या लहान केली की खोबण खोल जाते, कडा बर्फात जास्त रुततात, वळण घट्ट बसतं, पण घसरण कमी होते आणि मांड्या लवकर भरून येतात. वजनदार खेळाडूला ५/८ चालते, कारण त्याचं वजनच कडा रुतवतं. बदल करायचा तर एका वेळी १/१६ इंचाचा, आणि दोन-तीन सराव झाल्याशिवाय पुढचा नाही. बर्फ थंड आणि कडक असेल तर जास्त पकड लागते, मऊ असेल तर कमी.

यात चुकतं ते कडांच्या उंचीत. स्केट उलटा धरून पात्यावर एक नाणं आडवं ठेवा आणि टाचेकडून एका डोळ्याने बघा. नाणं पात्याशी काटकोनात नसेल, एका बाजूला कलतं असेल, तर एक कड उंच आहे. असा खेळाडू एका बाजूला वळताना दर वेळी निसटतो. नवा पोरगा तेव्हा घोटा आणखी वाकवून ते झाकतो, आणि बघणारा लिहितो 'डाव्या वळणात कच्चा'. घासल्यावर कडेला राहिलेला बारीक कीस दगडाने काढला नाही तरी पहिल्या काही पाळ्यांत हेच होतं. मोठ्या लीगमध्ये यासाठी माणूस असतो. ज्युनिअरमधून आलेल्याने आपली त्रिज्या लिहून त्याला द्यावी, 'नेहमीसारखी' म्हणू नये.

आता जांघ. स्केटिंगच्या प्रत्येक ढकलीत पाय बाहेर फेकला जातो आणि तो आत खेचून आणणारे आतल्या बाजूचे स्नायू ताणले जातात. त्यांची ताकद बाहेरच्या स्नायूंच्या ८० टक्क्यांखाली असेल तर ते फाटण्याचा धोका कितीतरी पट वाढतो. म्हणून उन्हाळ्यातच दोन्ही बाजू मोजून घेतात आणि कोपनहेगन प्लँक सुरू करतात: कुशीवर आडवं, वरचा पाय बाकावर, कंबर उचलून धरायची. आधी आधार गुडघ्याखाली, तो सोपा झाल्यावर घोट्याखाली. कॅम्पच्या दोन आठवडे आधी घाईने सुरू केलं तर उपयोगापेक्षा दुखणंच जास्त.

जाळीसमोर

गोलरक्षकाचं गणित खरंच वेगळं. ३२ संघ, प्रत्येकी दोन, म्हणजे ६४ जागा. त्यातही सलग खेळतो एकच. वेव्हरची सूट अठराव्या वर्षी सही केलेल्याला ६ वर्षं किंवा ८० सामने, कारण ही जात उशिरा पिकते हे लीगलाही मान्य आहे. हेन्रिक लुंडक्विस्ट २००० मध्ये २०५ वा निवडला गेला, पाच वर्षं स्वीडनमध्येच राहिला आणि २००५ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सकडे येऊन पहिल्याच हंगामात मुख्य गोली झाला. टिम थॉमस १९९४ मध्ये २१७ वा, तिशी उलटल्यावर पक्का झाला आणि २०११ मध्ये प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

म्हणून विशीतल्या गोलीने वरच्या संघात दुसऱ्या क्रमांकाचा होऊन बाकावर बसण्यापेक्षा खाली पन्नासेक सामने खेळणं परवडतं. पैसे कमी, हे खरं. आकडेमोडेंचा ४,५०० आणि ४३४ चा हिशेब समोर असताना कुणाला हे सांगणं सोपं नाही. दुखण्याचं म्हणाल तर इथे जांघेपेक्षा खुबा. बटरफ्लायमध्ये गुडघे आत वळवून खाली बसताना मांडीच्या हाडाची मान खोबणीच्या कडेवर घासते. त्यावर ताण देऊन उपाय होत नाही, उलट वाढतं. खाली जायच्या वेळा कमी करणं, म्हणजे उभ्याने जास्त अडवणं, एवढंच हातात.

नववासामना

अडकण्याचं एक कारण राहिलंच: एएचएलचा अनुभवी खेळाडूंवरचा नियम. सामन्यासाठी उतरवलेल्या १८ स्केटरांपैकी (गोली सोडून) १३ 'घडणारे' हवेत. त्यातले १२ जण २६० किंवा त्याहून कमी व्यावसायिक सामने खेळलेले, आणि एकाला ३२० पर्यंत मुभा. म्हणजे जुन्यांसाठी जागा पाच. २६० पार केलेला पंचवीस-सव्विशीचा पोरगा खेळात तसूभरही न घसरता एका उन्हाळ्यात महाग होतो, कारण आता तो त्या पाचांत मोडतो. स्वीडन, स्वित्झर्लंड, जर्मनीकडे जाणारी रांग तिथूनच सुरू होते. पण स्विस लीगमध्येही सामन्याला परदेशी सहाच, तेव्हा तिथे चौथ्या ओळीचा कष्टाळू खेळाडू नको असतो, गोल करणारा हवा असतो. युरोपातला करार हाती आला की पहिला प्रश्न विचारायचा: रक्कम कर धरून की कर वगळून? घर आणि गाडी करारात लिहिली आहे की फोनवर कबूल केली आहे? आणि एनएचएलचं बोलावणं आलं तर सोडणार का, कोणत्या तारखेपर्यंत?

आकडेमोडे

दुसऱ्या कराराबद्दल थोडकं. पहिला संपल्यावर खेळाडू मोकळा होत नाही, हक्क जुन्या संघाकडेच राहतात. दुसरा संघ प्रस्ताव देऊ शकतो, जुन्या संघाला सात दिवसांत तेवढीच रक्कम देऊन तो जुळवावा लागतो, नाही तर ड्राफ्टच्या निवडी घेऊन सोडावं लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईसने एडमंटनच्या ब्रोबर्ग आणि हॉलोवे यांना असेच प्रस्ताव दिले, एडमंटनने जुळवले नाहीत, दोघंही गेले. ब्रोबर्गला वर्षाला ४५.८ लाख, बदल्यात एडमंटनला दुसऱ्या फेरीची एक निवड. एरवी हे हत्यार क्वचितच निघतं, पण संघाची पगारमर्यादा काठोकाठ भरलेली असेल तर एजंटच्या हातात तेवढाच दाब असतो.

आणि हे सगळे आकडे तारीख बघून वाचा. १६ सप्टेंबर २०२६ पासून लीग आणि खेळाडू संघटनेतला नवा सामूहिक करार लागू होतो: हंगाम ८२ ऐवजी ८४ सामन्यांचा, किमान पगार ७,७५,००० वरून ८,५०,०००, आणि स्वतःच्या संघाशी जास्तीत जास्त ८ ऐवजी ७ वर्षांचा करार. नव्याने येणाऱ्यांना मानेचं संरक्षण सक्तीचं.

रिंकाबाहेरचा

१०, ४०, १६० आणि २६०. लिहून ठेवले. नाण्याची युक्ती आजच करून बघतो.

पातं_आणि_धार

दिवा पात्याच्या मागे ठेवा, कलतं लगेच दिसतं. आणि नाणं मधल्या भागावर ठेवा. टोकांशी पातं गोलाईत असतं, तिथे फसाल.