पी२४५३ आणि थेट फोर्स्ड रीजन?

डिझेल गाडीत पी२४५३ हा फॉल्ट कोड 'आला म्हणजे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक झाला, फोर्स्ड रीजन (स्कॅनरने फिल्टर मुद्दाम तापवून काजळी जाळणं) मारा' हा या चर्चेतला सल्ला पटला नाही. काजळी साठल्याचा कोड वेगळा, पी२४६३. पी२४५३ एवढंच सांगतो की डिफरेन्शियल प्रेशर सेन्सरचं (फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पटत नाहीये. सेन्सरवरच भरवसा नसताना फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवायचा? गॅरेजवाल्याचं काय जातं म्हणा!

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो: स्कॅनर लावून इग्निशन ऑन करा, इंजिन मात्र बंद ठेवा. डीपीएफ प्रेशर शून्याच्या आसपास दिसायला हवं. बंद इंजिनला तिथे ठळक आकडा दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग बघा, फिल्टरला हात लावू नका. शून्य दिसलं तर मग सेन्सरकडे जाणारे दोन रबरी पाइप तपासा. माझ्या गाडीत फिल्टरच्या आधीच्या बाजूचा पाइप क्लिपखाली चिरलेला होता. वरून धडधाकट, वाकवल्यावर चीर दिसली. पाइपात काजळी असेल तर हवा मारण्याआधी तो सेन्सरवरून काढून घ्या, नाहीतर कॉम्प्रेसरच्या दाबाने चांगला सेन्सरही जायचा. आणि नवा सेन्सर बसवलात तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने जुनी लर्न व्हॅल्यू (जुन्या सेन्सरवरून ईसीयूने लक्षात ठेवलेला आकडा) रीसेट करावी लागते. ते राहिलं की कोड परत येतो आणि बिचाऱ्या नव्या पार्टला डुप्लिकेट ठरवलं जातं.