चवथीनंतरचे ते दोन किलो

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दुसऱ्या दिवशी काट्यावर २ किलो जास्त दिसले, ती सगळी चरबीच, म्हणून आता दोन दिवस उपास, हे मत मला अजिबात पटत नाही. १ किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. २ किलो चढायला रोजच्या जेवणाच्या वर १५,००० हून जास्त कॅलरी पोटात जायला हव्यात. एका नेवरीच्या (करंजीच्या) २०० धरल्या तरी पंचाहत्तरच्या वर नेवऱ्या झाल्या! काट्यावर दिसतं ते बहुतेक पाणी. जास्तीची साखर आणि भात यांचा काही भाग यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतो, आणि दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. मिठामुळे थांबलेलं पाणी वेगळं, आणि आतड्यातलं अन्नही असतंच की.

फोंड्याला आमच्या घरी यंदा मी रोज सकाळी वजन लिहून ठेवलं. आदल्या दिवशी ७१.२, पातोळ्या, खतखतं, पायस, मुगागाठी असं दोन्ही वेळा जेवल्यावर दुसऱ्या दिवशी ७३, बोटातली अंगठी निघेना. उपास केला नाही, नेहमीचं नुस्त्याचं (माशांचं) जेवण सुरू केलं. पाचव्या दिवशी ७१.४, अंगठीही सैल. मात्र घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर हा हिशेब त्यांना लावू नका. बाबांची साखर त्या रात्री ३०० च्या वर गेली होती, आणि अशांनी दुसऱ्या दिवशी मनानेच उपास धरला तर ती धोकादायक खालीही जाऊ शकते.